अंगठा पायाचा

मी, खाली सही करणारा, बाजाररस्त्यावरच्या दोन खुर्च्यांच्या सलूनचा मालक, कोणाच्या धाकाला न घाबरता किंवा गोडीगुलाबीला न भुलता, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पायांविषयी त्यात काही नाही, ते मीच लिहितो.

कलम एक. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या पश्चात माझ्या पत्नीची. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा विषय काढू नये. काढलाच तर उत्तर द्यायला ती समर्थ आहे, मला अनुभव आहे.

कलम दोन. दुकानातले चाकांचे स्टूल माझ्या धाकट्या भावास द्यावे. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा बुडाचा सांधा झिजला तेव्हापासून हा गृहस्थ फुकट दाढी करून घेता घेता सांगत आला, "दादा, पुरे झालं. दुकान विक आणि बस घरी." बसायची एवढी हौस आहे ना, मग बसावं त्यानंच. फुकट दाढी मात्र माझ्याबरोबर संपेल.

कलम तीन. मनगटी घड्याळ थोरल्या मुलास. त्याने आणून दिलेल्या बुटात घालायच्या मऊ गाद्याही त्यालाच परत. पोरगा गुणी आहे, बापाचं लंगडणं बघवेना म्हणून धावत जाऊन घेऊन आला. पण त्या गादीत पाऊल रुततं, अंगठा वाकायचा तो वाकतोच, आणि वाकला की कळ पार मस्तकात जाते. मग तोही काकाच्या सुरात सूर मिसळून दुकान विकायचं म्हणू लागला. त्याचा राग नाही, पण त्याचं ऐकणारही नाही.

कलम चार. हे कलम मालमत्तेचं नाही, पण वाचावं. मी दवाखान्यात फोन करून सांगितलं, "सलून चालवतो, अंगठा दुखतो." पलीकडच्या बाईंनी मला थेट हाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं! त्यांनी माझा हाताचा अंगठा उलटासुलटा पिरगळला आणि म्हणाले, "उत्तम आहे." मी म्हटलं, "असणारच. दुखतोय तो बुटात आहे." सगळे इतके हसले की मीही हसलो. शेवटी पायाच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, सांधा पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही, पण तो वाकूच दिला नाही तर दुखणं आटोक्यात राहील. त्यांनी बुटात घालायची कडक पट्टी मापानं करून दिली, थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत, आणि पुढून ऐसपैस बूट घ्यायला लावले. पहिले काही दिवस फळीवर उभं राहिल्यासारखं वाटलं. नंतर मी दिवसभर उभा राहिलो आणि संध्याकाळी घरी चालत गेलो. लोक म्हणतात म्हातारा ताठ आहे. आहेच! अंगठ्यासकट आहे.

कलम पाच. दुकान, नाव, गिऱ्हाईक आणि सर्व हत्यारे माझ्या मुलीस. दुसऱ्या खुर्चीमागे तिला मी उभं केलं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. आता तेच लोक माझी खुर्ची रिकामी असली तरी "ताईंचं होऊ दे, थांबतो" म्हणतात. माझी छाती फुगते, लपवत नाही.

पण गेल्या हिवाळ्यापासून ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन उभी राहू लागली. मी ओळखलं, मीही तसाच उभा राहायचो. विचारल्यावर म्हणाली, "बाबा, तुमचाच अंगठा आलाय माझ्या वाट्याला. दुकान माझ्या नावावर करू नका. मला नाही झेपायचं." आणि नॅपकिन झटकायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. त्या दिवशी मला माझ्या पायापेक्षा जास्त दुखलं.

मी म्हटलं, "नाक आईचं घेतलंस हे नशीब. चल." त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिचं पाऊल अरुंद, म्हणून तिची पट्टी तिच्या मापाची केली. माझी तिला देऊ नये. दुसऱ्याच्या पायावर बेतलेली पट्टी दुखणं वाढवते. गेल्या शनिवारी, गर्दीचा दिवस असूनही, ती खुर्चीच्या हाताला न धरता उभी होती. गिऱ्हाईकाशी भांडलीसुद्धा. म्हणजे बरं वाटत असणार.

तरी काल पुन्हा म्हणाली, "तुम्ही आहात तोवर ठीक आहे. पुढचं कुणी बघितलंय?" म्हणून पुढील कलम.

कलम सहा. आमच्या धंद्यात दाराजवळची पहिली खुर्ची उस्तादाची. ती मी तापातही कोणाला दिली नाही. ती उद्या सकाळपासून माझ्या मुलीची. माझ्या पश्चात नाही, उद्यापासून. पुढचं मी इथेच, शेजारी उभं राहून बघणार आहे.

वकील म्हणाले, "काका, मृत्युपत्रात असलं कलम चालत नाही."

मी म्हटलं, "चालत नसेल तर उभं राहू द्या."

साक्षीदार पहिला: समोरचा चष्मेवाला (सही)
साक्षीदार दुसरी: पायाच्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: दुकानातच. दिवस: सोमवार, सुट्टीचा.

सही उभ्यानं केली आहे,
दुसऱ्या खुर्चीवाला