तोवर मांजरच दाखव

मसोली, डहाणू
२२ मार्च २०१९

चि. नविन,
अनेक आशीर्वाद.

'आम्ही इकडे मजेत' ही ओळ हाताला इतकी सवयीची आहे की मुद्दाम गाळली. तुझ्या काकूचा गुडघा बरा आहे. चिकू उतरलेत, थोडे कीर्तीबरोबर पाठवलेत. कीर्ती म्हणजे समोरच्यांची मुलगी, सकाळी मुंबईला निघतेय. पत्रही तिच्याच हाती. फोनवर बोलता येत नाही रे. यतीनचा मेसेज येईल म्हणून माझा फोन काकूच्या उशाशी असतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक मेसेज ती वाचते.

सोमवारी मी तुझ्यावर फार तडकलो. तिकडे मोझांबिकला बैरा शहर वादळाने पाण्याखाली गेलं, तुझा चुलतभाऊ यतीन तिथे गुजराती शेठच्या गोदामात नोकरीला, आणि तुमच्या चॅनेलवर दिवसभर काय, तर त्या नटीच्या मांजराचा वाढदिवस! केक काय, टोपी काय, वर चर्चेला तज्ज्ञ! तू म्हणालास, "काका, आफ्रिकेचं आपल्याकडे कोण बघतं?" मी फोन आपटला.

काकूचं मात्र उलटंच. मासळीवाली लाडकी तिला म्हणाली, "टीव्हीवर काय नाय दाखवत ना वहिनी? मंग पोरगा बराच हाय." तेव्हापासून घरातला टीव्ही बंद होत नाही. डहाणू रोड स्टेशनवर मी गाड्यांच्या घोषणा करायचो तेव्हा प्रवासीही असेच असत. घोषणा नाही, म्हणजे गाडी वेळेवर.

काल तुझा फोन आला तेव्हा ती शेजारीच होती, म्हणून नुसतं हो-हो केलं. उद्या रात्री 'बेपत्ता मराठी तरुण' अशी बातमी लावतोस, यतीनचा फोटो हवाय. माझ्यासाठी वरिष्ठांशी भांडलास. पोरा, विसरणार नाही. पण फोटो पाठवत नाही.

नविन, यतीन बेपत्ता नाही.

मंगळवारी फोन रिचार्ज करायला स्टेशनजवळ गेलो होतो, तिथेच शेठचा फोन आला. "काका, आपणो यतीन नथी रह्यो." गोदामाची भिंत पडली. त्याच्याबरोबर तिथले तीन हमालही गेले. होळीला काकूने यतीनच्या नावाने पुरणपोळी केली, ती मी खाल्ली. कशी खाल्ली ते विचारू नकोस.

रविवारी चिखल्याहून तिची बहीण येतेय. ती जवळ बसली की मीच सांगेन. पडद्यावरच्या पट्टीतून तिला कळू नये, एवढंच मागतो. मग खुशाल दाखव. पण त्या हमालांचंही दाखव. मराठी मुलगा तेवढा गेला, असं करू नकोस.

आत्ताच आतून हाक आली, "अहो, बघा तर, अजून त्या मांजराचंच चाललंय!" किती दिवसांनी हसली रे ती.

रविवारपर्यंत, नविन. तोवर मांजरच दाखव.

यतीनचा बाप,
श्यामकांत