नायट्रिक ऑक्साइडमधला उरलेला इलेक्ट्रॉन

मॅडम, नोकरी मिळाली. कर्जतच्या एका क्लासमध्ये, अकरावीला केमिस्ट्री. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. याआधी दोन ठिकाणी माझं डेमो लेक्चर फसलं होतं. घरून शेवटचं सांगून झालं होतं: नोकरीविना नुसतं गोष्टी लिहीत बसणं बास झालं, या वेळी नाही जमलं तर राहुरीला परत ये आणि आम्ही दाखवू त्या मुलाला होकार दे.

राहुरीतलं तुमचं स्वयंपाकघर. ईदच्या आदल्या दुपारी मी शंका घेऊन आलेय आणि तुम्ही शीरखुर्म्याचा सुका मेवा निवडताय. रेणूतले इलेक्ट्रॉन टिंबांनी दाखवायचे, तिथंच माझं घोडं अडतंय. तुम्ही ताट पुढं सरकवता. नायट्रोजनच्या पाच चारोळ्या, ऑक्सिजनचे सहा मनुके. "मांड नायट्रिक ऑक्साइड." मी दोघांच्या मध्ये दोन जोड्या लावते, ऑक्सिजनपाशी दोन, नायट्रोजनपाशी एक. आणि एक चारोळी उरते. कुठंही ठेवली तरी उरतेच. तुम्ही दूध बघायला वळता, तेवढ्यात मी ती तोंडात टाकते.

"झालं का गं? अन् एक कुठंय?" मी अजून चावतेय. "खाल्लीस? इलेक्ट्रॉन खाल्लास तू?" तुम्ही इतक्या हसलात की दूध उतू गेलं. मग एकदम वर्गातल्या मॅडम झालात. "जोडी लागंना म्हणून गायब करायचं व्हय? उरतोय तर उरू दे. दिसू दे की."

मागच्या दोन्ही डेमोंना मी तुम्ही बनून गेले होते. तुमचाच आवाज, तुमचीच वाक्यं, पाठ करून. मुलं नुसती बघत राहिली आणि मी घामाघूम.

आज क्लासचे मालक शेवटच्या बाकावर बसलेले. मी फळ्यावर नायट्रिक ऑक्साइड काढलं. पुढच्या बाकावरून एकजण लगेच, "मॅम, चुकलं तुमचं. एक उरलाय."

"मोजून बघ."

त्यानं मोजले. "अकराच हायेत. मंग त्याचं काय करायचं?"

"काही नाही. राहतो तिथंच."

"एकटाच? लगीन जमंना व्हय त्याचं?"

सगळा वर्ग फुटला. मला असं हसू आलं की खडू हातातून पडला. "माझंही जमवायला निघालेत, त्याला कशाला त्रास देताय," मी बोलून गेले. "आणि एकटा आहे म्हणून गरीब समजू नका. हा वायू हवेत सोडा, लगेच ऑक्सिजनला धरतो." मालकही हसत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "सोमवारपासून या."

इतकं हलकं वाटलं की स्टँडवर उभ्या उभ्या उसाचा रस प्यायले आणि वर अजून एक मागवला. आईला फोन केला. ती नुसतं "बरं झालं बाई" म्हणाली आणि तिनं मोठा श्वास सोडला.

हे पत्र पाठवायचं नाहीच आहे. पाठवता आलं असतं तरी नसतं पाठवलं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळवायला जड गेली असती. फळ्यासमोर मला तुमची आठवण आली नाही, मॅडम. अख्ख्या तासात एकदाही नाही.