बद्द वाजलेला नॉझल

माधवनगर, मंगळवार, संध्याकाळ

नॉझल आज भट्टीतून निघाला. रॉकेटची आग ज्यातून सुटते तो नरसाळ्यासारखा भाग. केसाहून बारीक कार्बन तंतू रेझिनच्या चिकट राळेत घोळून केलेला. आमच्या कारखान्यातला पहिलाच. सवयीने बोटाने वाजवला. सगळीकडे टणटणीत, गळ्यापाशी, जिथे तो सगळ्यात अरुंद होतो तिथे, मात्र बद्द. कान फसले असतील म्हणून पुन्हा वाजवला, पुन्हा बद्द.

फोरमन धोंडीराम हसला. "आवं मालक, माठ घ्यायला आलाय व्हय? तपासणीच्या मशिनीनं पास केलाय की."

"घोळताना तंतूंची गुठळी राहिली का रं?"

त्याचं हसू गेलं. "पिठल्यात ऱ्हाती तशी... राहिली असंल."

गुठळीपाशी थर सुटतात. चाचणीत तिथूनच फुटला तर जवळची माणसं भाजायची. कळल्यावर द्यायचा कसा? ज्या रॉकेट कंपनीसाठी केला तिला फोन करून हा देणार नाही म्हटलं. ते म्हणाले, मग काम दुसरीकडे देतो. एवढंच? मी विचारलं. हो, एवढंच, ते म्हणाले. कामच गेलं, म्हणून भट्टी विझवायला सांगितलं.

घरी आलो तर बायको नवा माठ वाजवून बघत होती. "ऐका तरी, कसा खणखणीत वाजतोय!"

मान हलवली. कानात अजून ते बद्दच आहे.