वाळूची एक गोणी

१५ फेब्रुवारी १९६१, बुधवार. दिघी.
मुरूडहून परत आले, बहिणीकडून. अपमान झाला. लिहून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही.
आगरदांड्याला दिघीच्या होडीत पाय ठेवला. हरेश्वर तांडेलाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भावाला हाक मारली, 'सदा, बाई आल्या रे. एक गोणी काढ.' रिकामी होडी वाऱ्याने डुलू नये म्हणून तो तळाशी वाळूच्या गोण्या ठेवतो. म्हणजे मी वाळू. बी.ए., सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, आणि वाळू! वर मला डोलकाठीपाशी बसवलं, सुक्या बोंबलांच्या टोपल्यांमध्ये. नणंद खैरुन मात्र पुढच्या फळीवर, पदर उडवत. तिचं वजन छत्रीएवढं. ती हसली. होडीत एक बकरी होती, तिचाही चेहरा मला आवडला नाही.
होडीत मोहल्ल्यातल्या बायका होत्या, सगळ्यांदेखत सांगून टाकलं: ईदला मी होडीत चढेन तेव्हा एकही गोणी हलणार नाही, आणि मी पुढच्या फळीवर बसेन. हरेश्वर म्हणाला, 'बसा की बाई. माजी कुटं ना हाय? होडीनं व्हय म्हनलं पायजे.'

१६ फेब्रुवारी. संध्याकाळ.
चांद दिसला. उद्या पहिला रोजा.
उपवासाने माणूस बारीक होतो हे पहिलीतल्या मुलीलाही कळतं. मग दर रमजानला मी जाड का होते? कारण एकच, शिस्तीचा अभाव. माझ्यात नव्हे, घरात.
यंदाचे नियम. पहाटे सहरीला एक नाचणीची भाकरी, दही. सूर्यास्ताला इफ्तार: खजूर, मोड आलेले मूग, कलिंगड. तळण बंद. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजनंतर, धक्क्यापर्यंत चालणं.
सून मरियमला वाचून दाखवले. 'होय अम्मा,' म्हणाली. तिचं 'होय अम्मा' मला कधीच पटत नाही.

१७ फेब्रुवारी.
सगळे नियम पाळले. धक्क्यापर्यंत चालले. ब्लाउज आत्ताच सैल वाटतो.

१८ फेब्रुवारी.
एका भाकरीवर दुपारी डोळ्यांपुढे अंधारी. चूक नियमात नाही, प्रमाणात आहे. दिवसभराची शिदोरी पहाटेच पोटात गेली तर संध्याकाळी हावरेपणा होणार नाही. उद्यापासून भाकऱ्या तीन, अंडी दोन, तूप. तूप सांध्यांसाठी.

२१ फेब्रुवारी.
सहरी भरपूर करते. तरी इफ्तारला भूक लागते. हे शरीराच्या निरोगीपणाचं लक्षण.
चालण्याचा नीट विचार केला. इफ्तारपूर्वी चालावं तर घसा कोरडा पडतो. इफ्तारनंतर चालावं तर पोट जड. सहरीनंतर चालावं तर अंधार आणि कुत्री. चालण्याला योग्य वेळ चोवीस तासांत सापडत नाही. शोध चालू आहे.

२३ फेब्रुवारी.
माझ्या एकटीच्या सुधारण्याने काय होणार? सारा मोहल्ला समोसे तळतो. वास माझ्या खिडकीत. आजपासून घरोघर मूग पाठवायचे. मोड आलेले, लिंबू पिळलेले. मरियम ताटं घेऊन गेली. प्रत्येक घरी निरोप: बाईंनी सांगितलंय, यंदा हेच खायचं.
तीस वर्षं मुलींना वळण लावलं. बायका काय, त्याच मुली. जाड झालेल्या.

२४ फेब्रुवारी.
एक अडचण. आपल्याकडे शेजाऱ्याचं ताट कोणी रिकामं परत करत नाही. मूग घेऊन गेलेली सगळी ताटं आज परत आली. समोसे, मालपुवे, नारळाच्या दुधातलं सांदण. खैरुनकडून खिम्याचे पॅटिस. मरियम म्हणाली, 'अम्मा, वाटीवाटीनं गेलं आणि परातभर आलं.' तिला म्हटलं, कॉलेजात आम्हाला उर्मट सुनांवर एक वेगळा तास हवा होता.
अन्न टाकणं पाप. रमजानमध्ये तर फारच. मरियमचं पोट नाजूक, मुलगा मुंबईला. कोणीतरी खाल्लंच पाहिजे होतं.

२७ फेब्रुवारी.
उपाय उघड आहे. मूग दुप्पट पाठवायचे, म्हणजे बायकांना तळायचं सुचणारच नाही.

२८ फेब्रुवारी.
ताटं दुप्पट भरून आली.

२ मार्च. होळी.
हरेश्वरची बायको भागुबाई पुरणपोळ्या घेऊन आली. बांधलेलं भलंमोठं फडकं. म्हणाली, 'बाई, तुमचा रोजा सुटला का खावा. दरसाल देतो, यंदा चुकवलं तर आमचा तांडेल रागं भरंल.'
तांडेल! डाव लक्षात आला. नवऱ्याने बायको पाठवली. पण आलेल्या बाईला परत कसं पाठवायचं? शिवाय शत्रूचा दारूगोळा त्याच्या हाती राहू देऊ नये. सूर्यास्तानंतर सगळा नष्ट केला. नारळाच्या दुधाबरोबर.

७ मार्च.
ब्लाउजाचे हुक लागत नाहीत. आपल्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यात कापड आटतं. मरियमला विचारलं, तुझे का नाही आटत? म्हणाली, 'माझे त्याच पाण्यात धुते, अम्मा. दोरीवर उन्हाची बाजू वेगळी असेल.' पहिल्यांदाच शास्त्रीय बोलली.

९ मार्च.
व्यायामाचा प्रश्न सुटला! अस्रनंतर मोहल्ल्यातल्या सगळ्या बायकांना किनाऱ्यावर नेलं. मी शाळेची शिट्टी घेऊन पालथ्या घातलेल्या होडीवर बसले. शिट्टीला निघायचं, सुरूच्या झाडाला हात लावून परत. खैरुन कुरकुरली, 'भाबी, तुम्ही नाही चालत?' तिला सांगितलं, सगळेच चालायला लागले तर शिट्टी कोण वाजवणार? शिट्टीने छातीला चांगला व्यायाम होतो. घरी येईपर्यंत मी पार थकले. इफ्तारला त्याची भरपाई केली.

१४ मार्च.
बायका शिस्तीत चालतात. इफ्तारला मूगच खातात म्हणे. खैरुनने बांगड्या दोऱ्याने बांधल्या आहेत, हातातून निसटतात. मला आश्चर्य वाटलं. मूग खातात, मग घरी एवढं तळतात कुणासाठी? तिने सरळ सांगितलं, 'तुमची ताटं भरायला, भाबी. रिकामं कसं धाडायचं?'
माझा पूर्ण मोहल्ल्यावर परिणाम झाला आहे. मी नापास होणं आता शक्यच नाही. शिक्षक वर्गाच्या पुढेच असतो.

१८ मार्च. रात्र.
तीस रोजे पुरे झाले. चांद दिसला. एकही रोजा मोडला नाही, हे त्या तांडेलाला कोणी सांगायला हवं. उद्या दुपारी होडी. आरशात एका बाजूने पाहिलं. समाधानकारक. दुसऱ्या बाजूला उजेड नव्हता.

१९ मार्च, रविवार. ईद. मुरूड, बहिणीकडे.
मोहल्ल्यातल्या निम्म्या बायका नातेवाइकांकडे निघालेल्या. धक्क्यावर गर्दी, सगळ्यांना माझा शब्द आठवत होता. आधी बायका चढल्या. होडी हलकीच डुलत राहिली. हरेश्वर डोकं खाजवत म्हणाला, 'गेल्या टायमाला ह्याच बाया होत्या नं? सदा, एक गोणी आत टाक.' बायका टाळ्या पिटून हसल्या. माझा ऊर भरून आला. शिकवण्यात मी कधी कमी पडले नाही.
मग मी. कोणाचा हात न धरता चढले. हे नमूद करते. कोणाचाही नाही.
होडी एकदा खाली गेली. वर यायला तिने वेळ घेतला. खैरुनने आपण होऊन पुढची फळी रिकामी केली. म्हणाली, 'भाबी, या, इथं बसा. ईद आहे.' मी निघाले. हरेश्वर अगदी हळू, जवळजवळ मायेने बोलला, 'नको बाई. पुढची नाळ पान्यात जाईल. मधीच बसा.' मग सदाला, 'दोन काढ.'
सदाने गोण्या धक्क्यावर ठेवल्या. विचारलं, दादा, इथंच राहू देऊ का, येताना लागतील. हरेश्वर म्हणाला, 'घरी टाक नेऊन. बाई भैनीकडं शीरखुर्म्याला चालल्यात. येताना कशाला लागतील?'
मी डोलकाठीपाशी बसले. आज बोंबील नव्हते.
एक गोष्ट कबूल करायला हवी. आगरदांडा येईपर्यंत होडी जरासुद्धा डुलली नाही.