बनुबाईचा हापसा

सव, ता. महाड
२० एप्रिल २००५

उझ्माच्या अब्बांना,

बदरुन्निसाचा सलाम. इथे सगळे खुशाल आहोत. तुम्हीही ओमानच्या उन्हात तब्येत सांभाळून असाल. उझ्माची परीक्षा संपली, आता दिवसभर माझं डोकं खाते. अम्मींचे गुडघे गरम कुंडावर शेकून जरा बरे आहेत. आपलं गावही गमतीचं. कढत पाणी जमिनीतून फुकट वर येतं आणि प्यायच्या पाण्यासाठी मशीन बोलवावं लागतं.

ते मशीन तुमच्या सांगण्याप्रमाणे येऊन गेलं. बोअरमध्ये खोलवर रबरी बूच बसवून खाली दाबाने पाणी मारलं, म्हणजे खडकातल्या बारीक चिरा उघडतात. तुम्हाला मी काय शिकवणार, तुमचं तर कामच ते, फक्त तिथे तेलासाठी. आता मोटर लावली की टाकी बघता बघता भरते. झाला ना आनंद? मग पुढचंही वाचा.

दाब चढत होता तेव्हा बांधापलीकडून बनुबाईने हाक मारली, "बदरू, लवकर ये गो! आमचा हापसा आपसूक चाललाय!"

मी धावले. दांड्याला कुणाचा हात नाही आणि तोंडातून लाल गढूळ पाणी भसाभसा येतंय. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवसापासून तिचा हापसा कोरडा पडला. आपली मोटर चालू असली की नुसता वारा येतो, बंद ठेवली की थोडा चिखल. पाजायला पाणी नाही म्हणून तिच्या नवऱ्याने, महिपतभाऊंनी, म्हशींना गिऱ्हाईक बघितलंय. बनुबाईने त्या पारड्या असल्यापासून वाढवल्यात. ती त्यांच्याजवळ बसून रडते.

मी आपल्या टाकीला नळी जोडून तिच्या हौदात सोडली आहे. बांधाच्या भांडणापासून तुमचं आणि महिपतभाऊंचं बोलणं बंद आहे, तरी तुम्हाला न विचारता सोडली. महिपतभाऊ तुमचं नाव घेऊन म्हणतात, "जुल्फिकार आला का नळी काढील, म्हशी ठेवून काय उपेग नाय." बनुबाई मात्र मलाच समजावते, "तुझी काय चूक हाय गो? जमिनीच्या पोटातला कुणाला दिसतंय?"

ती असं म्हणाली आणि मला तिच्यासमोर उभं राहवेना.

मागच्या सुट्टीत तुम्ही तुमच्या भावाला, आकिबला, सांगत होतात. मी भाकऱ्या थापता थापता ऐकत होते. तेलाच्या एका विहिरीत दाब मारायचा असला तर कंपनी शेजारची विहीर आधी बंद करते, नाहीतर तिच्यात वाळू-पाणी घुसून ती वाया जाते. मग मला फोनवर एवढंच का सांगितलंत, की महिपत ड्युटीवर असेल तेव्हाच मशीन आण? तेव्हा वाटलं, वादावादी नको म्हणून. आता दुसरंच मनात येतं आणि मला तुमची भीती वाटते. लग्न झाल्यापासून अशी कधी वाटली नव्हती.

नळी मी काढणार नाही. ते तुमच्या उत्तरावर अवलंबून नाही.

फोन करू नका. फोनवर तुम्ही मला हसवता आणि विचारायचं राहून जातं. लिहून कळवा, तुम्हाला माहीत होतं का?

माहीत नव्हतं असं लिहिलंत तर मी लगेच विश्वास ठेवीन. म्हणून खोटं लिहू नका.

तुमची,
बदरुन्निसा