विषय क्रमांक एक : मागील इतिवृत्त कायम करणे

अण्णा,

गेल्या मंगळवारी मी भर सभेत उभी राहून बोलले. नगरपरिषदेच्या सभेत लिपिकाने लिहायचं असतं, बोलायचं नसतं, हे तुम्हीच मला शिकवलेलं. "आपन तोंड न्हाई, आपन हात," असं म्हणायचात. तो नियम मोडला म्हणून आधी तुम्हालाच सांगायला बसले आहे. वर तीर्थरूप, शिरसाष्टांग असलं काही घातलेलं नाही. आयुष्यभर 'मा. अध्यक्ष महोदय यांच्या परवानगीने' लिहून लिहून तुम्हालाच त्या पायघड्यांचा वीट आला होता. घरी आईने भाकरी वाढायला उशीर केला की "माननीय स्वयंपाकघर" म्हणून हाक मारायचात, तेवढाच काय तो तुमचा विनोद.

तुम्ही गेल्याला तेवीस वर्षं झाली. तुमच्या जागेवर मला घेतलं त्याला बावीस. टेबल तेच आहे, डावीकडचा खण अजून अर्ध्यावर अडकतो. खुर्ची मात्र चाकांची आली. इतिवृत्त आता आम्ही कॉम्प्युटरवर लिहितो आणि छापून पुस्तकात डकवतो. विषय म्हणाल तर तेच. गटारीची दुरुस्ती, रविवारच्या बाजारात ओटे कुणाला द्यायचे, मोकाट कुत्री. कॅनॉलच्या रस्त्याला दिवे लावायचा विषय तुमच्या वेळी काळोख म्हणून यायचा, हल्ली बिबट्या म्हणून येतो. आणि दर सभेला पहिला विषय ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागच्या सभेत कोण काय बोललं, काय ठरलं, ते आपण लिहिलेलं सगळ्यांनी ऐकायचं, माना डोलवायच्या, अध्यक्षांनी सही ठोकायची. मग ते कायम. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी अक्षर हलत नाही. हे 'कायम' तुम्ही चौदा वर्षं दर महिन्याला लिहिलंत आणि त्या चौदाही वर्षांत स्वतः रोजंदारीवर होतात. आई तळेघरची, तोंडाला फटकळ. ती म्हणायची, "दर म्हयन्याला दुसऱ्याचं कायम करून येता. आपलं कवा व्हनार?" तुम्ही ताटातली चटणी बोटाने सारखी करत बसायचात.

मला आठवतो तो एक रविवार. मी नववीत आहे. आई चुलीपुढे नाचणीच्या भाकऱ्या थापते आहे आणि मी उंबऱ्यापाशी पाटावर कागद ठेवून तुमचं कच्चं टिपण पक्कं लिहून काढते आहे. मूळ पुस्तक तुम्ही कधी घरी आणलं नाहीत, पण अंगठा दुखायला लागल्यापासून कच्चे कागद आणायचात, कारण माझं अक्षर चांगलं होतं. आणि बोलताना 'व्हतं' म्हणणारे तुम्ही लिहिताना 'होते' कसं लिहिता याची मला मोठी गंमत वाटायची. त्या दिवशी एका ठरावाखाली तुमच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एका सदस्यांचा विरोध.' बाकीचे सगळे ठराव 'सर्वानुमते मंजूर'ने संपत होते. एकच वेगळा राहतो, पान बरं दिसत नाही, म्हणून मी तिथेही 'सर्वानुमते' करून टाकलं. तुम्ही वाचलंत, कागद फाडलात आणि कोरा पुढे ठेवलात. आवाज चढवला नाहीत. "मानूस उठून न्हाई म्हनला. त्याला लई जीवावर आलं आसंल तवा म्हनला. त्येला पुसायचा हक्क तुला कुनी दिला?" मी रडत रडत सगळं पान पुन्हा लिहिलं. आई म्हणाली, पोरीला जेवू तरी द्या. तुम्ही म्हणालात, "लिवून झाल्यावं."

लिहून झाल्यावर तुम्ही पिशवीतून लाकडी गोल रूळ काढून मला दिलात, तुमचा ऑफिसातला जुना, एका टोकाला चेचलेला. पानाच्या खाली उरलेल्या जागेवर तिरपी रेघ कशी मारायची ते दाखवलंत. म्हणालात, मोकळी जागा ठेवली की तिथं मागून कुणीतरी येऊन बसतं. मला खरं तर त्या रविवारी बाजारातून बांगड्या हव्या होत्या. पण रूळ अजून आहे. माझ्या टेबलावर असतो, आणि नवीन पोरी त्याला लाटणं समजतात.

आता मंगळवारचं सांगते, पण त्यासाठी त्याआधीची सभा सांगायला हवी. गावाच्या कडेला मेंढरंवाल्यांची वस्ती आहे, तुम्हाला माहीत आहे. निम्म्यांची मेंढरं गेली, माणसं मंचरच्या बाजारात कांदा भरायला जातात, पण वस्ती तिथंच आहे. तिच्या तोंडाशी ते नळकोंडाळं, चार तोट्यांचं, खाली जनावरांना दगडी डोण. यंदा आपलं गाव 'घरोघरी नळ' म्हणून जाहीर व्हायचं आहे. घरोघरी नळ आले म्हटल्यावर सार्वजनिक नळ उरलेला दिसता कामा नये. म्हणून विषय क्रमांक सात : सदर नळकोंडाळे बंद करणे. वस्तीतल्या अकरा घरांच्या जागेचे कागद नाहीत, म्हणून त्यांना नळ मिळालेला नाही, हे सगळ्यांना ठाऊक. कुणी ते तोंडातून काढलं नाही. विषय वाचला, दोन मिनिटांत हातावेगळा होणार होता.

तेवढ्यात त्या वस्तीच्या नगरसेविका उठल्या. निवडून येऊन त्यांना दोन वर्षं झाली, पण तोपर्यंत सभेत शब्द नाही. त्यांचं सगळं त्यांचे मालकच बघतात, सभा चालू असली की ते बाहेर बाकावर बसून असतात. त्या दिवशी बाई उठल्या, पदर सावरला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्या अकरा घरांना नळ न्हाई. माझं न्हाई हाय या ठरावाला. तसं लिवा." नगराध्यक्ष हसले. "ताई, त्यात काय लिहायचं? आपण घरचीच माणसं." आणि पुढचा विषय सुरू झाला.

हल्ली आम्ही मागच्या महिन्याची फाइल उघडतो, तारीख आणि विषय बदलतो. प्रत्येक ठरावाची शेवटची ओळ आधीच तयार असते, 'सर्वानुमते मंजूर करण्यात येत आहे.' विषय सातखाली ती ओळ तशीच राहिली.

आठ दिवसांनी बाई ठरावाची नक्कल हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. एकट्याच. बोट ठेवत ठेवत दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "बाई, माझं बोलनं कुठाय?"

मी म्हणाले, कॉम्प्युटरमुळे राहिलं असेल.

"मी तर तुमच्याकडं बघूनच बोलले व्हते."

"हो ना. बघते मी."

"म्हंजे आता कसं? पुढच्या सभंत हे कायम झालं, तर मी बोललेच न्हाई असं व्हनार का?"

तसंच होणार होतं. विरोधाची नोंद असेल तर त्यांना नक्कल जोडून कलेक्टरांकडे दाद मागता येते. नोंद नसेल तर त्यांनीच हात वर करून वस्तीचं पाणी तोडलं असा अर्थ. बाई जरा हसून म्हणाल्या, "घरी सांगितलं व्हतं, आज मी बोलले म्हनून. मालक म्हनले, तू कसली बोलतीस!" आणि नक्कल घडी करून पिशवीत ठेवून गेल्या. अण्णा, मला त्या हसण्याची फार लाज वाटली.

कायम होण्याआधी दुरुस्ती करता येते, एवढं मला माहीत होतं. पण इतक्या वर्षांत ती कुणी केलेली मी पाहिली नव्हती. तुम्ही कशी लिहायचात ते बघावं म्हणून रेकॉर्ड रूममध्ये गेले. आपला जुना शिपाई त्याच दिवशी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आला होता, तोही मागोमाग आला. "कंचं साल पायजे? तुमच्या वडलांची पुस्तकं मी डोळं झाकून काढीन," म्हणाला, आणि उघडे ठेवूनही त्याला अर्धा तास लागला. धूळ झटकून पानं उलटताना दुरुस्ती राहिली बाजूला, भलतंच पान निघालं. विषय क्रमांक नऊ : रोजंदारी लिपिकास कायम करणे. म्हणजे तुम्ही. तुमचंच अक्षर. खाली लिहिलं होतं, 'एका सदस्यांनी विरोध नोंदविला. सदर लिपिक गरजेपेक्षा जास्त लिहितात, असे त्यांचे म्हणणे. सबब विषय तहकूब.' आणि त्याखाली रेघ, चेचलेल्या टोकापाशी किंचित हललेली.

मी शिपायाकडे बघितलं. तो म्हणाला, "मी दारात हुभा व्हतो की. त्यो गडी बसल्या बसल्या पुटपुटला व्हता नुसता. अध्यक्ष म्हनले, जाऊ द्या अण्णा, ते काय लिवताय, ठराव झाला समजा. तर तुमचं वडील म्हनले, साहेब, ते बोललं ते माझ्या कानावं पडलंय. आता माझ्या हातात न्हाई." मग म्हणाला, "लई येडा मानूस, राव." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

तो विषय पुन्हा येऊन तुम्ही कायम व्हायला दीड वर्ष लागलं. ते दीड वर्ष मला आठवतं. आई तुमच्याशी कामापुरतं बोलायची, आणि मी सगळ्या सदस्यांना मनात शिव्या घालायचे की माझ्या बापाला मुद्दाम लटकवला. लटकवणारा हात तुमचाच होता हे घरात कुणाला कळलं नाही. की आईला कळलं होतं? तिने मरेपर्यंत तो विषय काढला नाही. तुमचा मला राग आला, अण्णा, तिथं धुळीत उभ्या उभ्या. एक पुटपुटणं सोडून दिलं असतंत तर कुणाचं काय गेलं असतं? आणि मग लक्षात आलं की नेमकं हेच मी आठ दिवसांपूर्वी स्वतःला सांगितलं होतं.

मंगळवारी विषय क्रमांक एक पुकारला. नेहमीसारखं कुणीतरी म्हणालं, "वाचलं समजा, कायम करा." मी उभी राहिले. म्हणाले, "साहेब, विषय सातमध्ये दुरुस्ती आहे. एका सदस्यांचा विरोध नोंदवायचा राहिला आहे." नगराध्यक्ष म्हणाले, "मॅडम, बसा तुम्ही." मी बसले नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारे सदस्य हसून म्हणाले, "अण्णांची पोरगी हाय राव ती. बसायची न्हाई. लिवून टाका." सगळे हसले, आणि त्या हसण्यात काम झालं. मुख्याधिकाऱ्यांनी मला वाक्य सांगितलं, मी तिथंच लिहून घेतलं : 'विषय क्र. ७ मध्ये एका सदस्यांचा विरोध नजरचुकीने नमूद करावयाचा राहून गेला. सदर दुरुस्तीसह इतिवृत्त कायम.' सभा संपल्यावर नगरसेविका बाई बाहेर बाकावरच्या मालकांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "लिवलंय. जाऊन वाचा."

त्यांचा अर्ज गेला आहे. निकाल काय लागेल सांगता येत नाही, ठराव तर बहुमताने मंजूरच आहे. पण तोवर तोट्या कापायच्या नाहीत असं ठरलं. काल संध्याकाळी मुद्दाम तिकडून आले. बाया हंडे लावून भांडत होत्या, डोणीवर पाच-सहा मेंढरं होती, आणि एक तोटी नेहमीप्रमाणे गळत होती. तिच्या वॉशरची तक्रार उद्या पाणीपुरवठ्याकडे टाकायची आहे.

ऑफिसात दोन दिवस लोक येऊन शाबासकी देताहेत. बापाचं नाव राखलंस म्हणतात. म्हणून हा कागद. याला जावक क्रमांक पडणार नाही, कुणाच्या हाती जाणार नाही, तर निदान इथं तरी खरं लिहिते. वर मी लिहिलं की ती ओळ तशीच राहिली. राहिली नव्हती, अण्णा, मी ठेवली. 'घरचीच माणसं' म्हणताना नगराध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी पेन खाली ठेवलं होतं. टाइप करताना त्या ओळीवर थांबले, बाईंचा आवाज आठवला, आणि पुढे गेले. नजर चुकली नव्हती. नजर चुकवली होती. मुख्याधिकाऱ्यांनी 'नजरचुकीने' सांगितलं तेव्हा मला केवढं हायसं वाटलं, आणि माझ्याच हाताने मी ते लिहिलं. आता पुस्तकात तेवढा एक शब्द खोटा आहे, आणि तो कायम झाला.

या कागदाखाली चार बोटं जागा उरली आहे. मन अजून सबबी शोधतंय. रूळ घेते आणि रेघ मारते.