रिंग खात्यातले बेदाणे

रवि. ११ फेब्रु. ९६
शाळेच्या व्हरांड्यात सभा. सूतगिरणी बंद पडून चार वर्षं झाली, आता गावाने काय करायचं. कोंबड्या, दूध डेअरी, मंगल कार्यालय. मंगल कार्यालयावर सगळे हसले. लग्नाची पोरं पुण्यात, इथे मांडवात बसणार कोण?

मग शंकर उठला. हा माझ्या शेजारच्या खोलीतला, रिंग म्हणजे सूतकताईच्या खात्यातला जॉबर, मुकादमच. त्याच्या मेव्हण्याची तासगावला द्राक्षबाग आहे, तिकडची बेदाणा वाळवायची शेडं यंदा भरलीत. म्हणाला, "आपला रिंगचा हॉल रिकामा पडलाय. धूळ न्हाई, पाखरू न्हाई. बेदाण्याला आनी काय पायजे?"

सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या हौसाबाईने विचारलं, "आत वारं कुठनं येनार? नाना, तुमी सांगा. पाणीखात्याचं मानूस तुमी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, पंखे आहेत, फिरवू.

मं. १३
आमच्या चाळीत दोनच दारं उघडी, माझं आणि शंकरचं. सौ. गेल्यापासून चहा दोन वेळा त्याच्याकडेच. काल तो तासगावला गेला होता. आज दुकानात तोंड उघडलं तर आवाज घोगरा. मग लक्षात आलं, कालपासून कोणाशी बोललोच नव्हतो.

दुकानातून येताना शंकर भेटला. पुन्हा तेच म्हणाला, "ह्यो शीजन जमला तर ऱ्हायलो, नाना. न्हाईतर मे म्हैन्यात इचलकरंजी, मागावर."

गुरु. १५
लिहून ठेवतो, इथे तरी. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून तो हॉल बांधतानाच ओलावा धरील असा बांधला. खिडकी नाही. खाली पाण्याचे चर. तेवीस वर्षं मी त्या हॉलात ओल राखली, तोच माझा पगार. पंखे आतली हवा आतच फिरवतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. सभेत नाही सांगितलं.

रवि. २५
गिरणी ज्यांच्या ताब्यात त्या विश्रामबागच्या ऑफिसातून परवानगी आली. एक हॉल, एक हंगाम, भिंतीच्या विटेला हात लावायचा नाही.

आज झाडलोट. वीसेक माणसं! मी गिरणीतला जुना खाकी शर्ट घातला, बटणं लागेनात. हौसाबाई सवयीने हॉलाच्या टोकाला आपल्या वाइंडिंगच्या जुन्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि स्वतःवरच हसली. बायकांनी माझी टर उडवली, नाना आज पाणी सोडू नका म्हणून. मीही हसलो. असा दिवस फार दिवसांनी.

चर कोरडे आहेत. कोण जाणे, द्राक्षं वाळतीलही.

मं. ५ मार्च
माल आला. मेव्हणे स्वतः ट्रॅक्टरबरोबर. द्राक्षं औषधात बुडवून जाळ्यांवर पसरली. सगळा हॉल गोड वासाने भरला. मेव्हणे मला म्हणाले, "तुमी जानकार हाय म्हनं. मग काळजी न्हाई." मी नुसती मान हलवली.

शनि. ९
जुनं थर्मामीटर काढून हॉलात टांगलं, ओल्या-सुक्या बल्बाचं. दोन्ही नळ्यांतला पारा जवळजवळ सारखाच, म्हणजे हवा ओली. सूत कातायला झकास हवा. द्राक्षांचंच पाणी हवेत, आणि हवेला जायला वाट नाही. खाली उतरवून पिशवीत घातलं.

"काय म्हनतंय?" शंकर.
"बरं आहे."

गुरु. १४
खालच्या जाळ्या काळ्या पडल्या. बुरशी. हौसाबाई सकाळपासून एकेक मणी वेचून बाजूला काढतेय. शंकर औषधाला दोष देतो, मग स्वतःला. मेव्हण्याला काय तोंड दाखवू म्हणाला. मी तिथे फार वेळ थांबू शकलो नाही.

रवि. १७
शंकरला सांगितलं. त्याच्या ओट्यावर, सकाळी. सगळं.

त्याने पायातली चप्पल काढली, परत घातली. "आवं, मग तवाच का न्हाई बोलला?"

"बोललो असतो तर तू गेला असतास."

"आनी आता?"

त्याच्या बायकोने आणलेला चहा तसाच राहिला. मी उठताना तो एवढंच म्हणाला, "सभंत तुमीच सांगा. मी न्हाई सांगनार."

बुध. २०
तीन दिवस चहा घरीच. दूध नासलं. पलीकडे ट्रंक ओढल्याचा आवाज. कदाचित साफसफाई असेल.

दुपारी एकटाच गिरणीत फिरलो. कापसाच्या गठाणी उतरायचा तो लांब ओटा. वर पत्रा, तीन बाजू मोकळ्या, पश्चिमेचा वारा सरळ आत. थर्मामीटर धरलं. दोन्ही पाऱ्यांत चांगलं अंतर, म्हणजे हवा कोरडी. बेदाणा इथेच व्हायचा होता. तोही त्याच आवारात, हॉलापासून शंभर पावलांवर. गेले महिनाभर मी रोज त्याच्यावरूनच जात होतो. ओल कशी धरायची एवढंच आयुष्यभर बघितलं, सोडायची कशी हे कधी मनातच आलं नाही.

मेव्हण्यांच्या बागेत अजून चार ओळी तोडायच्या राहिल्यात म्हणे. ते आता आम्हाला देतील का, हा प्रश्नच आहे.

रवि. २४
दहाला सभा. कागदावर दोन गोष्टी लिहून घेतल्यात. आधी माझी चूक, मग ओटा. उलट क्रमाने सांगावं असं सकाळपासून चार वेळा मनात आलं. ओट्याचं ऐकून खूष झाले की दुसरं सांगायची गरजच पडणार नाही. पण असंच काहीतरी मी फेब्रुवारीतही म्हणालो होतो मनाशी.

मला बेदाण्याचं काही पडलं नव्हतं. मला माणसं हवी होती हॉलात.

माणसं शाळेकडे चाललीत. हौसाबाई गेली. आत्ता शंकर गेला दारावरून, हाक न मारता. मेव्हणे बरोबर आहेत त्याच्या.

दहाला पाच कमी. निघतो.